ऐनवेळचा विषय

मुळशी धरणाच्या काठच्या एका गावात बचत गटांच्या बायकांनी संघ करून आंबेमोहोर विकायला घेतला. पुण्याची गिऱ्हाइकं मोबाइलवरून तांदूळ मागवणार, म्हणजे वेबसाइट आली, आणि वेबसाइटला नाव आलं. कमिटी अकरा जणींची. सात गावठाणातल्या, चार डोंगरकडच्या वाडीतल्या. गावठाणाला गावाचं नाव हवं होतं. वाडीचं म्हणणं, तांदूळ आमच्याही खाचरांतला, तेव्हा नाव मुळशीचं ठेवा.

बैठक लावली ती ऐन जुलैत. लावणी अंगावर आलेली, ओढ्याने वाडीची वाट अडवलेली. वाडीची एकही बाई आली नाही. अजेंड्यावर पोती आणि वाहतूक एवढंच होतं. नाव निघालं शेवटच्या कलमात, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. (या दारातून काय काय आत शिरतं, ते सोसायटीच्या सभेला बसलेल्या कुणालाही विचारा.) अध्यक्षाबाईंच्या पुतण्याने गावाचं नाव आदल्याच दिवशी नोंदवलं होतं, तेही स्वतःच्या नावावर.

"जो आधी नोंदवेल त्याचं असतं, काकी," तो म्हणाला. यात खोटं काही नव्हतं.

सात हात वर झाले. कोरम भरलेला. प्रोसिडिंगात 'सर्वानुमते मंजूर' लिहून झालं. ठरावाच्या सूचक होत्या गावठाणातल्या एक आजी. सहीची पाळी आली तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"नाव मलाबी हेच पायजे. पन त्या चौघी तिकडं चिखलात वाकल्यात, आन् आपन हितं सर्वानुमते म्हनायचं?"

"आजी, त्या आल्या असत्या तरी आपण सात, त्या चार."

"मंग त्यांच्या म्होरं होऊ द्या. आन् नाव घरच्या पोराच्या नावावर, वर मतबी घरच्याच बाईचं, हे कसं?"

याच खोऱ्यात धरण बांधणाऱ्या कंपनीने जमीन ताब्यात येण्याआधीच चर खणले होते आणि 1921 साली सेनापती बापटांचा सत्याग्रह उभा राहिला होता. न विचारता ठरवणं इथे नवं नाही. आणि ते फक्त खेड्यातच घडतं असंही नाही. इंटरनेटवरच्या नावांचा जगाचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन संस्थेकडे अॅमेझॉन कंपनीने 2012 साली 'डॉट अॅमेझॉन' मागितलं. अॅमेझॉन नदीच्या खोऱ्यातल्या ब्राझील आणि पेरूने हरकत घेतली, सरकारांच्या सल्लागार समितीने नकार कळवला आणि 2014 साली संचालक मंडळाने अर्ज फेटाळला. 2017 साली स्वतंत्र पुनर्विलोकन मंडळाने त्यावर बोट ठेवलं: समितीपुढे कंपनीला बाजू मांडू दिली नाही, आणि संचालकांनी नकाराची कारणं स्वतः तपासली नाहीत, अर्जाचा पुन्हा विचार करा. हरकत योग्य होती की नव्हती, हा प्रश्न वेगळा.

इकडे गावात लावणी उरकल्यावर पुन्हा बैठक झाली. विषय लिहिलेली नोटीस सात दिवस आधी वाडीवर पोचली. पुतण्याने नोंदणी संघाच्या नावे करून दिली. अध्यक्षाबाईंनी मत दिलं नाही. गावाच्या नावाला सहा मतं पडली, मुळशीला चार.

"मग फरक काय पडला?" पुतण्याने विचारलं.

वाडीच्या चौघींनी आपला विरोध प्रोसिडिंगात लिहून घ्यायला लावला आणि त्याखाली सह्या केल्या. मग त्यांनी एक मागणी मांडली: प्रत्येक पिशवीवर तांदूळ कोणत्या वाडीचा ते छापायचं. जुलैत हे कुणाला सुचलंही नव्हतं. हा ठराव अकराही जणींच्या मतांनी मंजूर झाला.