मागचा माणूस

एकटा चालणारा माणूस आपल्या पायांचा मालक असतो. चारचौघांबरोबर चालू लागला, की त्याला आपले पाय थोडेसे सार्वजनिक करावे लागतात. ते किती करावेत, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे पडलाच नाही. कारण मी नेहमी पुढे चालणारा!

पुण्यातल्या आम्हा बारा-चौदा जणांचे एक फिरस्त्यांचे मंडळ आहे. त्याचा नियम एकच. मागे पडलेल्याला टाकून जायचे नाही. पुढच्यांनी वळणावर थांबायचे, मागचा आला की निघायचे. या नियमाचा मला मोठा अभिमान होता. जगात दुबळ्यासाठी कोण थांबतो? आम्ही थांबतो, असे मी नव्या मंडळींना कौतुकाने सांगत असे.

गेल्या पौषात आम्ही हरिहरेश्वरला गेलो. पेशव्यांचे हे कुलदैवत. काळभैरवाच्या देवळामागून प्रदक्षिणेची वाट डोंगरावर चढते आणि एका अरुंद घळीतून, पायऱ्यांनी, थेट समुद्राशी उतरते. तिथून पुढे सारी वाट लाटांनी तासलेल्या काळ्या खडकावरून. ती फक्त ओहोटीपुरती माणसांची, एरवी समुद्राची. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या आजोबांनी आदल्या रात्रीच हिशेब मांडून दिला होता. "तिथीची पाऊणपट करा. उद्या वद्य तृतीया, म्हणजे सव्वादोनला पुरी भरती. आठाच्या सुमाराला पाणी तळाला जाईल. दहाच्या आत बाहेर पडा. पुनवेनंतरचं उधाण आहे, थट्टा नको."

घळीतून खाली उतरलो आणि क्षणभर सगळेच गप्प झाले. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त रस वाहिला, थरावर थर साचले, त्यातून आपला सह्याद्री आणि अर्धाअधिक महाराष्ट्र घडला. त्या रसाचा थिजलेला काठ आमच्या पायांखाली होता. उभ्या कड्याला मधाच्या पोळ्यासारखी शेकडो भोके पडलेली. खारे पाणी दगडात मुरते, पाणी सुकते, मिठाचे स्फटिक आत वाढतात आणि दगडाचा एकेक कण सुटा करतात. अग्नीने केलेले काम मीठ असे सावकाश उलगडीत बसले आहे.

पण मला हे सावकाश पाहायला वेळ कुठे होता? मी घड्याळ पाहत पुढे निघालो होतो. मागे आमचे गुरुजी. वय पंचाहत्तर, एक गुडघा कुरकुरणारा. ठरल्याप्रमाणे आम्ही थांबत होतो. खडकावर टेकायचे, पाणी प्यायचे, एखादी चिक्की तोंडात टाकायची. गुरुजी दिसले, की मी उठून हाक द्यायचा, "चला, आले गुरुजी!" आणि सारे ताजेतवाने होऊन चालू लागायचे.

तिसऱ्या थांब्याला सव्वानऊ झाले होते. निम्मी वाटही सरली नव्हती आणि पाणी फिरले होते. आम्हाला ताटकळत ठेवू नये म्हणून गुरुजी लगबगीने येत होते. शेवाळावर त्यांचा पाय सरकला. ते बसले तोच एक लाट खाचेतून वर आली आणि त्यांना कमरेपर्यंत भिजवून गेली. दोघांनी धावत जाऊन त्यांना वर ओढले. धापा टाकीत ते म्हणाले, "लागलं नाही हो. तुम्ही व्हा पुढे. माझ्यामुळे खोळंबा नको. पुढच्या खेपेला मी आपला सामान राखत बसेन."

आमच्यात नुकतीच येऊ लागलेली एक कॉलेजातली मुलगी त्यांच्याबरोबरीने मागून येत होती. ती मला हळूच म्हणाली, "काका, आपण थांबतो ना, तेव्हा विश्रांती कोणाला मिळते?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तसाच राहिलो. तीन वेळा थांबून आम्ही तीन वेळा विसावलो होतो. ज्याच्यासाठी थांबलो, तो मात्र सकाळपासून एकदाही बसला नव्हता! आमच्या दयेचा सारा लाभ आम्हीच घेतला होता. त्याच्या वाट्याला आले होते ते फक्त ओझे, आपल्यासाठी कोणी थांबले आहे याचे.

मी परत फिरायचे ठरवले. वाट अरुंद, सगळे जागच्या जागी वळले आणि मागे असलेले गुरुजी आपोआप सर्वांच्या पुढे झाले. आता त्यांचे पाऊल तेच आमचे पाऊल. मला वाटले होते, कंटाळा येईल. तो आलाही. पण धापा थांबल्या होत्या. घळीच्या पायऱ्यांशी पोचल्यावर गुरुजी वळून हसले, "वाईट वाटून घेऊ नका. शंकराची प्रदक्षिणा अर्धीच असते. हरीची राहिली, ती पुढच्या खेपेला."

पुढच्या खेपेला! ते ऐकून प्रदक्षिणा राहिल्याची माझी रुखरुख निम्मी कमी झाली.

तुम्ही म्हणाल, मग पाय असलेल्यांनी धावायचेच नाही का? धावावे की. वेगातही आनंद आहे आणि तो पाप नव्हे. शिवाय मागे वळायची वाट खुली होती, म्हणून माझा चांगुलपणा स्वस्तात पार पडला. वाट एकच असती आणि पाणी घोट्याशी आले असते, तर मी कोणाचे पाऊल धरले असते? छातीवर हात ठेवून मला सांगता येत नाही.

पण घरोघरी मला आता तो तिसरा थांबा दिसतो. म्हातारी आई, मंदगतीचे मूल, नोकरीत मागे पडलेला भाऊ. आपण त्यांच्यासाठी थांबतो, थांबल्याचे सांगतो आणि ते जवळ आले की उठून चालू लागतो.

आमच्या मंडळाच्या नियमात आता एक दुरुस्ती झाली आहे. थांबण्याची वेळ मोजायची ती शेवटचा माणूस खाली बसल्यापासून. घड्याळ गुरुजींच्या हाती असते. आणि मी? मी अजून पुढेच चालतो; फक्त "चला" म्हणायचा अधिकार माझ्याकडे उरलेला नाही.