नदीची शुद्धी आणि नगराचे नित्यकर्म

नदीच्या शुद्धीचे कारण तिचा वेग होय, असा निर्णय मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात दिला आहे, आणि निरीक्षण म्हणून तो खोटा नाही; कारण वाहते पाणी खडकांवर आपटून हवेतील प्राणवायू उचलते, त्याच्या बळावर सूक्ष्म जंतू पाण्यातला मळ खाऊन टाकतात, आणि काही कोस पुढे गेलेला प्रवाह पुन्हा माशांना जगण्याजोगा होतो. परंतु नदीला वेग आहे, हे यात गृहीत आहे. आणि वैशाखात पुसदच्या पुलावर उभे राहून पूस नदीविषयी तसे गृहीत धरण्याचे धाडस कोण करील? वरच्या अंगास धरण झाले, त्याचे पाणी शेतांत आणि नळांवाटे घरांत गेले, हे योग्यच झाले. पण नळाने घरात आलेले पाणी मोरीतून बाहेर पडतेच, आणि त्याची वाट उताराने नदीकडेच जाते. पुसदने महाराष्ट्राला वसंतराव आणि सुधाकरराव हे दोन नाईक मुख्यमंत्री म्हणून दिले, त्यांतल्या दुसऱ्यांचे नाव तर जलसंधारणाशी कायमचे जोडले गेले. तरी पाणी अडविण्याची विद्या जितक्या आस्थेने आपण शिकलो, तितक्या आस्थेने ते सोडण्याची शिकलो नाही.

शुद्धाशुद्धतेची चिंता आपल्याला कधी कमी होती असे मात्र नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा तळे बाटले असे ठरवून सवर्णांनी 108 घागरी पाणी उपसले आणि त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून ते मंत्रपूर्वक परत तळ्यात ओतले. हात कोणाचा लागला याची चौकशी झाली; पाण्यात काय पडले याची नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाडलाच जिचे दहन झाले, त्या मनुस्मृतीनेही पाण्यात मलमूत्र टाकण्याचा निषेध केला आहे; पण तेवढा निषेध मात्र तिच्या अभिमान्यांनी सोयीने विसरून टाकला.

सांडपाणी प्रक्रिया केंद्राला ही सोय नाही. तेथे जाळीवर चिंध्या अडतात, हौदात रेती बसते, आणि मग तपकिरी, फेसाळ टाकीत तळातून हवा सोडली की जंतू आपल्या कामाला लागतात. मळ कोणाच्या घरचा, हे ते विचारीत नाहीत. आर्डर्न आणि लॉकेट यांनी मँचेस्टरात 1914 मध्ये मांडलेली ही रीत म्हणजे नदीचेच काम, काही तासांत उरकलेले. मग असे पाणी अर्घ्याला चालेल काय, असे एखादा भाविक विचारील. चालेल, असे माझे मत आहे. पूस पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, आणि प्राणहितेच्या रूपाने ते पाणी गोदावरीत जाते. तेथे ओंजळ भरणाऱ्याला पाण्याचे कूळ विचारण्यात अर्थ नाही, त्याची आजची स्थिती तेवढी विचारावी.

धर्मशास्त्र नित्यकर्म आणि प्रायश्चित्त यांत भेद करते, आणि आपले नगरपिते अशा केंद्राला प्रायश्चित्त समजतात: एकदा मंजुरी, एकदा उद्घाटन, की पापमुक्ती. वस्तुतः हवेचे पंखे काही काळ बंद राहिले तरी टाकीतले जंतू गुदमरतात आणि पाणी जसे आले तसे नदीत जाते. म्हणून संध्येचा खंड जसा दोषास्पद, तसाच वीजबिलाच्या तजविजीचा, आणि अंदाजपत्रकात ही रक्कम दरसाल रस्ते-दिव्यांच्या आधी लिहिली जावी.