पास झाली, पण लागली नाही

एक प्रश्न दोन वर्षं डोकं कुरतडतोय. बाहेरच्यांसमोर मांडायचा नाही, आपल्यातच मांडायचा आहे. म्हणून या पानांवर लिहितोय.

बीड जिल्ह्यातली आमची वस्ती. दिवाळी सरली की निम्म्या घरांना कुलूप. धडधाकट माणसं कोयत्यावर जातात, मागे राहतात म्हाताऱ्या आणि शाळेतली पोरं. दोन वर्षांपूर्वी वस्तीतल्या आठवीतल्या दोन पोरी एनएमएमएसला बसल्या. सरकारी भाषेत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती. २००८ साली सुरू झालेली. आठवीत परीक्षा द्यायची. लागली तर नववी ते बारावी, वर्षाला १२,००० रुपये. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर, नव्वद-नव्वद मार्कांचे. घराचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे. आमच्याकडं साडेतीन लाख एकदम कुणी पाहिलेत? ती अट आपोआपच पुरी होते.

दोघींचे फॉर्म मीच भरले होते. त्यामुळं निकालाची वाट दोन्ही घरांनी माझ्या दारात बघितली. एकीचे आईबाप फडात. बाप सांजच्याला कारखान्याकडून फोन करायचा, "भाऊ, लागला का पोरीचा नंबर?" मागं टायरगाडीचा, माणसांचा कालवा. उचल फिटायची होती, पण विचारायचा नंबरचंच. म्हातारी आजी म्हणायची, "त्ये मोबाईलात येतंय म्हणं, पुन्ना एकदा बघा की." दुसऱ्या घरात बाप नाही. आई रोजानं खुरपायला जाते. ती रोज विचारायची नाही. एकदाच म्हणाली, "भाऊ, हे पैसं लागले तर चार वर्षं हिच्या लग्नाचं नाव कुणी काढणार न्हाई. माझे भाऊ बी न्हाई."

म्हणजे बघा, तिच्या लेखी ते १२,००० रुपये वह्यापुस्तकांचे नव्हतेच. चार वर्षं पोर घरात ठेवायची परवानगी होती ती.

यादी आली. पहिलीचं नाव होतं. दुसरी पास होती, पण यादीत नव्हती.

इथं जरा थांबून हिशेब समजून घेऊ. पास होणं वेगळं, निवड होणं वेगळं. अनुसूचित जाती-जमातीच्या पोरांना दोन्ही पेपरात ३२ टक्के, इतरांना ४० टक्के मिळाले की पास. पण देशभर मिळून शिष्यवृत्त्या १ लाख. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२. त्या जिल्ह्याजिल्ह्यांत वाटायच्या, मग प्रवर्गांत वाटायच्या. वरून मोजत यायचं. आकडा संपला की रेघ मारायची. म्हणजे आपल्या पोरीची गाठ कुणाशी पडते? तर आपल्याच जिल्ह्यातल्या आपल्याच पोरीशी. कधी शेजारच्या घरातलीशी. ती रेघ कुठं पडणार हे पोरींनी पेपर लिहिण्याआधीच तिजोरीनं ठरवलेलं असतं. जागा दुप्पट असत्या तर रेघ खाली सरकली असती आणि तीच पोर तेवढ्याच मार्कांत "गुणवंत" झाली असती.

मी हे त्या बाईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाऊ, पास झाली म्हणता. मग नापास कशात झाली?"

मला उत्तर देता आलं नाही. सरकारला विचारायचा प्रश्न आहे, असं मनाशी म्हणालो आणि सुटलो. पण सुटलो कसला? पुढं चौदा एप्रिल आली. समाजमंदिरात गुणगौरव समारंभ ठेवला. ठेवणारा मीच. फ्लेक्स लावला, शाल आणली, पुष्पगुच्छ आणला. एकच. ज्या पोरीचं नाव यादीत, तिला स्टेजवर बोलावलं. तिचे आईबाप तोवर फडावरून परत आले होते. बाप रडला. ते रडणं खरं होतं, त्याला कुणी हसू नये. दुसरी पोर वंदना म्हणायला पुढं होती. नंतर खुर्च्या मांडल्या तिनं. सत्काराच्या वेळी मागं उभी राहून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला ऐकू आल्या नाहीत असं मी म्हणणार नाही.

सरकारनं यादी लावली ती पैशाच्या हिशेबानं. तिला माणसाच्या लायकीचा निकाल कुणी केलं? आम्ही केलं. शाल घालून केलं.

१९९० ला मंडलच्या वेळी सवर्ण पोरं रस्त्यावर आली, मेरिट मेरिट म्हणून ओरडली. तेव्हा आपण काय म्हणालो? आजही काय म्हणतो? की मेरिट हे थोतांड आहे. ज्याच्या घरात तीन पिढ्या पुस्तकं, त्याचे नव्वद आणि ज्याचा बाप फडात, त्याचे चाळीस, हे एका तराजूत कसे तोलता? बरोबरच म्हणतो. मग आपल्या वस्तीतलं पोर यादीत आलं की तोच तराजू आपण डोक्यावर घेऊन का नाचतो? मेरिट विरोधात गेलं की खोटं आणि बाजूनं आलं की खरं, असं चालतं का? दोन्हीपैकी एक काहीतरी आपण मनापासून मानत नाही. कुठलं, ते ज्याचं त्यानं रात्री झोपताना तपासावं. मी तपासलं. मला लाज वाटली.

आता बाबासाहेबांचं मॅट्रिक घ्या. १९०७ साल. ७५० पैकी २८२ मार्क. टक्के काढा, अडतीसही भरत नाहीत. आजच्या कुठल्याही गुणवत्ता यादीत हे नाव शोधून सापडणार नाही. तरी मुंबईत त्यांचा सत्कार झाला. अध्यक्ष सी. के. बोले. केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्या पोराच्या हातात ठेवलं. म्हणजे सत्कार आपल्यातही जुनाच आहे. फरक पुढचा आहे. इंटर झाल्यावर रामजी सुभेदारांजवळचा पैसा संपला, तेव्हा हेच केळुसकर त्या पोराला घेऊन सयाजीराव महाराजांकडं गेले. महिना २५ रुपये मिळाले आणि बी. ए. झालं. पुस्तक देऊन गुरुजी घरी जाऊन झोपले नाहीत.

पण त्यातही एक काटा आहे, तो आपण गिळतो. एक केळुसकर, एक महाराज, एक पोर. ज्यांना केळुसकर भेटले नाहीत त्यांचं काय? हा काटा बाबासाहेबांना टोचला असणार असं मला वाटतं. कारण १९४२ साली व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी तिजोरीतून पैसा मागितला. १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज ती जात आणि उत्पन्न बघून मिळते, पहिला-दुसरा नंबर बघून नाही. ती वेळेवर मिळत नाही, त्यासाठी आपण मोर्चे काढतो, ती गोष्ट वेगळी. पण तिथं भांडताना शेजारची पोर आपली वैरीण होत नाही. दोघी एकाच मोर्च्यात असतात.

परवा एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "मग काय सत्कार बंद करायचे? पोरांना ईर्षा नको? अभ्यास कशासाठी करतील?" त्याचं अगदीच चूक नाही. कंदिलाखाली बसून जिनं गणितं सोडवली तिच्या पाठीवर हात पडलाच पाहिजे. मी त्याला एवढंच विचारलं, परीक्षेला वस्तीतली किती पोरं बसली होती? त्याला यादीतली नावं पाठ होती. बसलेल्यांचा आकडा माहीत नव्हता. मलाही त्या वर्षी कुणी आपल्या तालुक्याचा आकडा विचारला असता तर सांगता आला नसता.

ती दुसरी पोर आता दहावीत आहे. अजून शाळेत आहे, आईनं तेवढं रेटलं. कसं रेटलं ते मी विचारलं नाही, विचारायचं तोंड नव्हतं. यंदा तिनं दहावीचा फॉर्म भरला. काही अडलं की पूर्वी आमच्याकडं यायची. या वेळी आली नाही. बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडं गेली, पन्नास रुपये देऊन भरून आली.