बंद काडतुसातली शंका

अमेरिकेत शिकारी आणि नेमबाजांच्या गॅरेजमध्ये बऱ्याचदा एक जडसं टेबल असतं. त्यावर दांड्याचं लोखंडी प्रेस घट्ट बसवलेलं असतं आणि शेजारी रिकाम्या पितळी कवचांचा डबा. एकदा उडवलेल्या काडतुसाचं कवच साफ करायचं, त्यात दारू पेटवणारा नवा प्रायमर, नवी दारू आणि नवी गोळी बसवायची, असा हा रीलोडिंगचा छंद. आपल्याकडे हे घरी करता येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो. पुणेकराला काडतूस म्हटलं की खडकीचा १८६९ सालचा कारखाना आठवेल, कुणाचं गॅरेज नाही. तिकडे मात्र कायद्यानं मोकळीक आहे आणि छंदाचं मूळ काटकसरीत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी कॅन्ससमधून सैन्याची शिल्लक दारू स्वस्तात विकायला काढली. १९५८ साली रिचर्ड ली यांनी प्रेसशिवाय, हातोडीनं ठोकून काडतूस भरायचा स्वस्त संच आणला. या काटकसरीकडे मी पुन्हा येणार आहे, कारण धोका बऱ्याचदा तिथूनच आत शिरतो.

काडतुसात चारच वस्तू: कवच, प्रायमर, दारू, गोळी. पहिल्या तीन जागेवर बसेपर्यंत सगळं उघडं असतं. कवचात डोकावून दारू दिसते, जास्त वाटली तर ओतून पुन्हा मोजता येते. गोळी तोंडाशी दाबून बसवली की हे संपतं. बाहेरून चांगलं आणि वाईट काडतूस एकसारखंच चकचकीत दिसतं. चूक हातून होणारच, यंत्रावर बसणारा माणूसच आहे. पण उघड्या कवचातली चूक म्हणजे फार तर चिमूटभर दारू वाया. बंद कवचातली तीच चूक बोटं आणि डोळे घेऊ शकते.

पॉइंट ३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचं बघा. त्याचं कवच काळ्या दारूच्या काळात बेतलेलं, म्हणून ऐसपैस. आजच्या धूरविरहित दारूनं लक्ष्यावरचा हलका नेम साधायचा तर जलद जळणारी दारू जेमतेम तीनेक ग्रेन पुरते. ग्रेन म्हणजे पौंडाचा सात हजारावा भाग, सुमारे पासष्ट मिलिग्रॅम. एवढीशी दारू त्या कवचाच्या तळाशी पडून राहते. चुकून दुप्पट पडली तरी वर भरपूर जागा उरते, गोळी नेहमीसारखी बसते. अजिबात पडली नाही तरी बसतेच.

मग तयार काडतुसं तराजूवर ठेवून वाईट वेगळं काढावं, असं नवख्याला वाटतं. हा मार्ग फसवा आहे. पितळी कवचांच्या वजनातच काही ग्रेनांचा फरक असतो, गोळ्यांच्या वजनातही थोडा असतो. तीन ग्रेनची उणीव किंवा भर त्या फरकात हरवून जाते. जड रायफलच्या काडतुसात, जिथे दारूच पन्नास ग्रेनांच्या आसपास असते, तिथे तराजू मोठी चूक दाखवेल. पिस्तुलाच्या हलक्या भारात तो ‘सगळं ठीक’ म्हणून गप्प बसवतो, आणि खोटा दिलासा हा काहीच दिलासा नसण्यापेक्षा वाईट.

म्हणून जुने जाणते लोक बंद करण्याआधीच्या क्षणाला चिकटून असतात. भोकं पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात पन्नास कवचं उभी करतात, सगळ्यांत दारू घालतात आणि गोळ्या बसवण्याआधी टॉर्च तिरका धरून ओळीनं आत बघतात. पन्नास कवचांत पातळी एकसारखी असली की एखादं रिकामं किंवा दुप्पट भरलेलं चटकन डोळ्यात भरतं. हॉजडन कंपनीनं ट्रेल बॉस नावाची दारू काढली होती, त्यामागेही हाच विचार होता. तिचे दाणे मधे भोक असलेल्या चकत्यांसारखे, फुगीर. योग्य माप घातलं तरी कवच बऱ्यापैकी भरतं आणि दुप्पट घातलं तर बाहेर सांडतं. दारूनंच चूक लपवायला नकार द्यावा, ही कल्पना मला या सगळ्या खटाटोपातली सर्वात शहाणी वाटते.

तरीही चूक होते, आणि बहुधा मधे काम थांबल्यामुळे होते. फोन येतो, मूल काही विचारायला येतं, प्रेसचा दांडा अर्ध्यावर थांबतो. आमटीत मीठ घातलं की नाही असा घोळ झाला तर चमचाभर चाखून बघता येतं. बंद काडतूस चाखता येत नाही. ‘घातलं असेल बहुतेक’ हे वाक्य मनात आलं, की ते काडतूस वाईट समजायचं. आणि नेमकं कुठलं ते कळत नसेल तर शेवटच्या खात्रीच्या खुणेनंतरची सगळीच.

ती उघडायची. त्यासाठी हातोडीच्या आकाराचं, पोकळ डोक्याचं प्लॅस्टिकचं साधन मिळतं. काडतुसाची कड या साधनाच्या स्वतःच्याच पकडीत अडकवायची, टोपी आवळायची, डोळ्यांवर सुरक्षा चष्मा लावायचा आणि लाकडाच्या ओंडक्याच्या उभ्या तोंडावर ठोकायचं. पितळ थांबतं, जड गोळी जडत्वानं पुढे सरकते. दोन-चार ठोक्यांत आत टपकन आवाज होतो; टोपी उघडली की पोकळीत गोळी आणि दारू मिळते. पॉइंट २२सारखी, कडेतच स्फोटक मसाला असलेली काडतुसं यात कधीही घालायची नाहीत. प्रायमर नीट न बसल्यानं वर आलेला दिसला तर तयार काडतुसाचा प्रायमर दाबून आत ढकलायचा नाही आणि त्याला हातोडीही दाखवायची नाही. तिथे प्रेसवर बसणारा, गोळीला धरून सावकाश ओढणारा कोलेट पुलर बरा.

बाहेर आलेली दारू डब्यात परत ओतायची का? ओळख पक्की असेल तरच. नावं फार फसवी आहेत: आयएमआर ४३५० आणि एच ४३५० यांचा आकडा एक, दारू वेगळी आणि मापंही वेगळी. म्हणून टेबलावर एका वेळी एकच डबा. ओळख नसलेली दारू उघड्यावर, वस्तीपासून दूर, पातळ थरात आणि थोडी थोडी जाळून संपवतात. प्रायमर लावलेलं कवच मात्र तसंच पुन्हा वापरता येतं. जिवंत प्रायमर ठोकून काढायचा उद्योग न केलेला बरा.

घरातून सुटलेली चूक मैदानावर एक शेवटची खूण देते. आवाज नेहमीसारखा न येता फुसका येतो आणि हाताला धक्का लागत नाही. दारूच नव्हती, नुसत्या प्रायमरच्या जोरानं गोळी नळीत जाऊन अडकली, असं तेव्हा धरून चालायचं. नळीचं तोंड लक्ष्याकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबायचं, कारण दारू उशिरा पेटत असण्याचीही शक्यता असते. मग हत्यार रिकामं करून नळी तपासायची. अडकलेली गोळी पितळी सळईनं बाहेर काढतात. मागून दुसरी झाडून काढायला गेलं तर नळी फुटते. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. विसरतं ते पुढचं: त्याच पेटीतली उरलेली काडतुसं. एकात दारू नव्हती, तर त्याच्या वाटणीची दारू बहुधा शेजारच्यात गेली असेल. ती सगळी पेटी घरी न्यायची आणि उघडायची.

आणि इथे काटकसर आडवी येते. पैसे वाचावेत म्हणून छंद धरला. चाळीस काडतुसं ठोकून उघडणं म्हणजे एक संध्याकाळ गेली आणि खांदा दुखला. मग टेबलाखाली एक डबा तयार होतो, त्यावर लिहिलेलं असतं ‘नंतर बघू’. काही महिन्यांनी मैदानावर काडतुसं कमी पडतात, आणि डब्यातली काडतुसं तर इतरांसारखीच चकचकीत दिसतात. हिशेब मात्र सरळ आहे. गोळी परत मिळते, प्रायमर लावलेलं कवच परत मिळतं, वाया जाते ती थोडी दारू. खात्रीनं गमावलेलं एवढंच.

अमेरिकेत राहून हा छंद करणाऱ्या मराठी वाचकांना एवढंच सांगणं: प्रत्येक पेटीवर तारीख, दारूचं नाव, माप, गोळी आणि प्रायमर लिहा, आणि टेबलाखाली तसा डबा असेल तर नवं काही भरण्याआधी या रविवारी तो रिकामा करा.