अहिंसेचे व्रत आणि फ्लूची लस

संत जनाबाईंचे जन्मगाव गंगाखेड, जिंतूरजवळ नेमगिरीचे दिगंबर जैन क्षेत्र आणि आषाढी वारीसाठी शेगावहून निघून दरवर्षी याच भागातून पंढरपूरकडे जाणारी गजानन महाराजांची पालखी, अशा परंपरांनी घडलेल्या परभणी जिल्ह्यात फ्लूच्या लसीचा विचार धर्माला वगळून करता येत नाही. त्यातील दैवाचा प्रश्न, म्हणजे आयुष्य दैवाने ठरलेलेच असेल तर लस कशाला हा, तुलनेने सोपा आहे. कारण साथींची कारणमीमांसा करणाऱ्या ‘जनपदोद्ध्वंसनीय’ अध्यायात चरकसंहितेने आयुष्य दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, या दोहोंवर अवलंबून मानले असून, ते सर्वस्वी ठरलेले असते तर औषधोपचार निरर्थक ठरले असते, असा युक्तिवाद केला आहे.

अहिंसेचा प्रश्न मात्र इतक्या सहज सुटत नाही. फ्लूच्या बहुतेक लशींसाठी लागणारा विषाणू कोंबडीच्या फलित अंड्यात, म्हणजे ज्यात सुमारे दहा-अकरा दिवसांचा गर्भ असतो अशा अंड्यात, वाढवून मग निष्क्रिय व शुद्ध केला जातो. माळकऱ्याचे व्रत मुख्यतः अभक्ष्य न खाण्याचे असल्याने टोचून घेतलेल्या लसीने ते मोडत नाही, असे म्हणता येते. परंतु जैन विचारात प्रश्न अंड्याचा अंश उरतो का हा नसून जीव गेला का हा आहे, आणि तिथे ‘लस शुद्ध केलेली असते’ हे उत्तर (ते कितीही वेळा दिले जात असले तरी) अपुरे पडते. अधिक समर्पक आधार जैन आचारशास्त्रातच आहे : ते गृहस्थाला संकल्पी, म्हणजे मारण्याच्याच हेतूने केलेली, हिंसा वर्ज्य सांगते आणि जीवनव्यवहारात वा स्वसंरक्षणात अटळ ठरणारी हिंसा शक्य तितकी कमी करण्यास बजावते. अंड्याऐवजी पेशींत वाढवलेल्या लशी जगात तयार होतात, म्हणून त्यांची मागणी करणे हाही त्याच व्रताचा भाग ठरतो.

विषाणू सतत बदलत असल्याने लस घेण्याचा निर्णय दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो. लस विषाणूशी चांगली जुळली तरी आजाराचा धोका साधारण 40 ते 60 टक्केच घटतो आणि संरक्षण मिळण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. भारतात फ्लूचा जोर जानेवारी ते मार्च आणि पावसाळ्याच्या सुमारास वाढतो, म्हणून वारीला निघणाऱ्या वृद्धांनी, गर्भवतींनी आणि मधुमेहींनी डॉक्टरांच्या सल्ल्याने निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी लस घ्यावी. आणि व्रतापोटी ती नाकारणाऱ्याने ताप-खोकला असताना दिंडीत चालू नये.