कणगीतील धान्य आणि अपरिग्रह

गृहस्थाने घरात किती धान्य साठवावे, हा प्रश्न धर्मशास्त्राने किरकोळ मानलेला नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ब्राह्मण गृहस्थाचे साठ्यानुसार चार प्रकार केले आहेत: कुसूल म्हणजे कोठार भरेल इतके धान्य बाळगणारा, कुंभी म्हणजे रांजणभर बाळगणारा, तीन दिवसांपुरते ठेवणारा आणि उद्याचीही तरतूद न करणारा अश्वस्तनिक, यांत पुढचा पुढचा श्रेष्ठ मानला आहे. ही उतरंड अपरिग्रहाची, म्हणजे गरजेपेक्षा अधिक संग्रह न करण्याच्या व्रताची, बाजू घेते. परंतु तैत्तिरीय उपनिषदातील भृगुवल्ली अन्न पुष्कळ मिळवावे आणि आश्रयाला आलेल्या कोणालाही परत पाठवू नये असे सांगते, आणि रिकाम्या घराला हे व्रत पाळता येत नाही.

या दोहोंचा मेळ साठ्याच्या वापरात शोधावा लागतो. शेणाने सारवलेल्या कणगीच्या तळाशी गेल्या सालची ज्वारी असताना वरून नवी ओतत राहिले, तर खालची किडते. म्हणून जाणती गृहिणी आधी जुनी ज्वारी काढून दळते, डब्याच्या बुडाशी उरलेले कुळीथ रात्री भिजत घालते आणि त्यावरूनच उद्याचे कालवण ठरवते. असा क्रमाक्रमाने पानात येणारा साठा परिग्रह ठरत नाही. विसरून किडू दिलेले पायलीभर धान्य मात्र निश्चितच ठरते. आयुर्वेदानेही वर्षभर जुने धान्य पचायला हलके मानले आहे.