पान अंकुरात आधीच असते काय?

कार्य उत्पन्न होण्यापूर्वी ते कारणात असते की नसते, या भारतीय दर्शनांतील जुन्या वादात सांख्यांनी ‘असते’ आणि न्याय-वैशेषिकांनी ‘नसते’ अशी बाजू घेतली. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतील नवव्या कारिकेत सत्कार्यवादाच्या, म्हणजे कार्य कारणात अव्यक्त रूपाने आधीच असते या मताच्या, समर्थनार्थ पाच हेतू दिले आहेत. त्यांपैकी विशिष्ट कारणातून विशिष्टच कार्य निपजते हा हेतू विशेष बळकट आहे, कारण बटाट्याच्या डोळ्यातून फुटणारे पान बटाट्याचेच असते.

मात्र ते पान घडते कसे हे पाहिले, तर प्रश्न इतका सरळ राहत नाही. खोडाच्या टोकाशी सतत विभागणाऱ्या पेशींचा सूक्ष्म घुमट असतो. त्याच्या कडेला ऑक्झिन हे वाढीचे संप्रेरक जेथे साचते तेथे उंचवटा येतो आणि त्याचेच पुढे पान होते. पूर्ण वाढलेल्या पानाच्या वरच्या अंगाला हरितद्रव्याने भरलेल्या उभ्या पेशींची दाट रांग असते, तर खालच्या अंगाला हवेच्या पोकळ्या असलेली सैल ऊती आणि वायूंची ये-जा होणारी बहुसंख्य पर्णरंध्रे असतात. पानाचा पसरटपणा या दोन अंगांच्या भेदावरच अवलंबून आहे. इयान ससेक्स यांनी 1951 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बटाट्याच्या अंकुरावर बारीक छेद देऊन कोवळा उंचवटा घुमटापासून अलग केला, तेव्हा पसरट पानाऐवजी गोल काडीसारखा अवयव वाढला.

छेदाने केवळ अभिव्यक्तीला अडथळा आला, असे सांख्य म्हणू शकेल; परंतु अडथळ्याने पान अर्धवट राहिले असते, आणि येथे तर वरचे अंगच नसलेली निराळी रचना उभी राहिली. न्यायमतानुसार सूत हे वस्त्राचे समवायी, म्हणजे ज्यात कार्य राहते ते, कारण असून धाग्यांचा परस्पर संयोग हे असमवायी कारण होय, आणि संयोग तुटला की कार्यही होत नाही. घुमट आणि उंचवटा यांच्या संबंधाला हेच स्थान द्यावे लागते. बटाट्याचेच पान का, याचे उत्तर सांख्यांकडे आहे. पण पानाचे पानपण उंचवट्यात आधीपासून साठवलेले नव्हते, आणि या मुद्द्यावर नैयायिकांचाच पक्ष ग्राह्य ठरतो.